सुळक्याखालच्या खोपीतला मुक्काम

आमच्या शाळेच्या पूर्वेकडील खिडक्यांतून सह्याद्रीची रांग दिसे. कडावजवळच्या त्या शाळेत मी शास्त्र आणि भूगोल शिकवीत असे. सत्तरचे दशक तेव्हा निम्मे सरले होते. हिवाळ्यात, मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला, रांगेतील एका सुळक्याच्या पायथ्याशी काहीतरी चकाके, थोडा वेळ टिके आणि विझे. नववीच्या वर्गाने मला त्याचे कारण विचारले. एकाचे मत होते की तिथे पाण्याचे तळे आहे. दुसऱ्याचे, की विमान पडले आहे. आपल्यापेक्षा उंचावर असलेल्या सपाट पाण्यावरून परतणारा प्रकाश वरच जातो, तो खाली आपल्या खिडकीत येत नाही, एवढे मी फळ्यावर आकृती काढून दाखवले. विमानाबद्दल म्हणाल, तर ती बातमी आमच्या आधी कडावच्या चहाच्या दुकानात पोचली असती. मात्र ते नक्की काय आहे हे मला सांगता आले नाही. शोधून सांगतो, असे म्हणून मी पुढचा धडा घेतला. शिक्षकाने वर्गात असा शब्द दिला की तो त्याच्या मागेच लागतो.

माझी थोरली बहीण खोपोलीला दिली होती. तिच्याकडे गेलो की शाळेच्या प्रयोगशाळेसाठी लागणारे खिळे, तारा, आकडे मी शिळफाट्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून आणत असे. दुकानदार चाळिशीचा, बोलका मुसलमान गृहस्थ होता. त्याच्या गल्ल्यामागे लोखंडाच्या चपट्या मेखा टांगलेल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्याला कडी अडकवण्यापुरते भोक होते. असल्या मेखा मी शेतात, गोठ्यात वा सुताराकडे कधी पाहिल्या नव्हत्या. त्या कशासाठी, असे विचारले तेव्हा तो म्हणाला की त्या विक्रीच्या नाहीत, कड्याच्या भेगेत ठोकायच्या आहेत. बोलता बोलता माझ्या चकाकणाऱ्या ठिपक्याचा उलगडा झाला. सुळक्याखालच्या पदराच्या, म्हणजे डोंगराच्या अर्ध्यावरच्या सपाटीच्या, वर एका कातळी कट्ट्यावर, त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दगड-पत्र्याची एक खोली बांधली होती. तिला ते ‘खोप’ म्हणत.

खोपीत मुक्कामाची परवानगी फक्त कडे चढणाऱ्या कसलेल्या माणसांना होती. सुरुवातीला तसा नियम नव्हता. पण एकदा सहलीला आलेल्या मंडळींनी तिथले दारच फोडून चहासाठी जाळले, तेव्हापासून तो झाला. मी चढणारा नव्हतो. पण मला दोन गोष्टींची उत्सुकता होती, आणि त्या मी त्याला सरळ सांगितल्या. चकाकणारी वस्तू जवळून पाहायची होती. आणि उंचीवर पाणी शंभर अंशांपेक्षा कमी तापमानाला उकळते, हे जे मी वर्षानुवर्षे पुस्तकातून शिकवीत होतो, ते एकदा शाळेच्या तापमापकाने स्वतः पडताळायचे होते. दुकानदार हसला. आमच्या पुढाऱ्याला विचारतो, म्हणाला. पंधरवड्याने निरोप आला: यावे, आपले सरपण आपण आणावे, आणि खडकावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यापलीकडे पाऊल टाकू नये.

माघ महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही चौघे निघालो. पुढारी खोपोलीतल्या एका कारखान्यात फोरमन होता. तो आणि दुकानदार मराठी शाळेत एका बाकावर बसलेले. कड्यावर फोरमन पुढे चढायचा आणि दुकानदार खाली दोर धरायचा, हे त्यांचे कित्येक वर्षांचे ठरलेले. चौथी फोरमनची भाची. ती टपाल कचेरीत नोकरीला होती आणि मामाच्या मागे सुळके चढायला शिकली होती. गावात तिच्याबद्दल काय बोलत, ते तिनेच मला वाटेत हसत हसत सांगितले. पत्रे वाटायची सोडून पोरगी माकडांना तारा पोचवते, असे म्हणत.

वाट आधी भाताच्या कापलेल्या खाचरांतून, मग कारवीच्या झुडपांतून आणि शेवटी दगडी पायऱ्यांसारख्या टप्प्यांवरून होती. या वाटेवरच फोरमनने मला उद्याचा बेत सांगितला. गेल्या वर्षी सुळक्याच्या निम्म्यावर, एका अवघड जागी, त्याची मेख निसटली आणि तो कोसळला. दुकानदाराने दोर सोडला नाही म्हणून जीव वाचला, पण गुडघा दुखावला. पुढे कारखान्याने त्याला यंत्रांवरून काढून स्टोअरच्या टेबलावर बसवले. उद्या त्याला त्याच जागेवरून पुन्हा, पहिल्या दोराने, म्हणजे सर्वांच्या पुढे चढायचे होते.

“ती जागा पार केली, तर मी हाय तोच हाय,” तो म्हणाला. “नायतर मग टेबलावरचाच मी खरा.”

हे वाक्य त्याने एखाद्या गणिताचे उत्तर सांगावे तसे सांगितले. मी त्याला खडकाचे थर दाखवू लागलो. तो ते लक्ष देऊन ऐकत होता. उंच दगड आला की तो डाव्या मांडीखाली हात घालून पाय वर घेई. धोतराचा सोगा सावरावा तशी ती मला एक लकब वाटली.

उन्हे उतरायच्या आत आम्ही खोपीवर पोचलो. पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे चकाकी शोधली. इतके दिवस मी छपराचा पत्रा धरून चाललो होतो, तो अंदाज चुकीचा निघाला. छप्पर गंजून तांबडे झाले होते, आणि ते उडू नये म्हणून त्यावर तारांनी बांधलेले धोंडे होते. चकाकत होती ती पश्चिमेची भिंत. वाऱ्याच्या माऱ्याने मूळची दगडी भिंत ढासळल्यावर तिथे नवा पत्रा उभा केला होता, आणि तो किंचित मागे कललेला होता. दुपारचा सूर्य आणि आमच्या शाळेची खिडकी यांच्या बरोबर मध्ये त्या पत्र्याचे तोंड येत असे. मी काठीने कोन मापला आणि समाधान पावलो. तो सारा वेळ दुकानदार माझ्याकडे मोठ्या करमणुकीने पाहत होता. भिंत तिरकी झाली ती त्याच्या आळसाने, पण गुरुजींनी तिला शास्त्रात बसवले, असे त्याने भाचीला सांगितले.

आतून खोप अंगावरच्या सदऱ्यासारखी नीटनेटकी होती. एका बाजूला जमिनीपासून हातभर उंच फळ्यांची माच, तिच्यावर गवत आणि घोंगड्या; दुसऱ्या बाजूला तीन दगडांची चूल. आढ्याला दोरांची वेटोळी टांगलेली, कारण उंदीर दोर कुरतडतात आणि कुरतडलेला दोर दिसायला चांगल्या दोरासारखाच असतो. पाणी जवळच्या कोरीव टाक्यातले. ते आणायला गेलेल्याने टाक्यात हात बुडवायचा नाही, भांडे दोरीने सोडायचे. दारातून पश्चिमेला माथेरानचे सपाट डोके, मधे उल्हास नदीचे वळण आणि डावीकडे खोपोलीच्या कारखान्यांचा धूर दिसत होता. पुस्तकात हिमालयातल्या ज्या मुक्कामांची वर्णने मी वाचली होती, त्यांच्यापुढे ही उंची काहीच नव्हती. तसे मी म्हणालो, तेव्हा भाची म्हणाली, “सर, पडणाऱ्याला फरक पडत नाही.”

सर्वांत जास्त कुतूहल मला वाटले ते दाराशेजारच्या फळीचे. तिच्यावर ॲल्युमिनियमचे पेले ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर खिळ्याने कोरलेली खूण होती. कुणाचा त्रिकोण, कुणाची फुली. जेवताना मी त्यांबद्दल विचारले, आणि दुकानदाराने मला खोपीतली रीत समजावून सांगितली.

ती अशी. पहाटे उठल्यावर एकेक जण तोंड धुवायला टाक्यावर जातो, आणि तेवढा वेळ बाकीच्यांपैकी एकच जण पाळीपाळीने आत थांबतो, इतर बाहेर. म्हणजे प्रत्येकाला खोपीत, इतरांची नजर नसताना, थोडा वेळ मिळतो. पेले फळीवर सुलटे ठेवलेले असतात. आपल्यापैकी अमुक माणसाने आज चढू नये असे कुणाला मनापासून वाटले, तर त्याने त्या माणसाचा पेला उपडा करायचा. चहा ओतणारा फक्त सुलटे पेले भरतो. ज्याचा पेला उपडा, तो त्या दिवशी चढत नाही. त्याला चहा नंतर मिळतो आणि सर्वांसाठी भात रांधण्याचे काम मिळते. कुणी उपडा केला हे विचारायचे नाही. का केला, हेही नाही.

मी स्वभावाप्रमाणे शंका काढल्या. एखाद्याने रागापोटी उपडा केला तर? तर ज्याचा झाला त्याला एक दिवस विसावा आणि बाकीच्यांना गरम भात. नुकसान कुणाचे, असे उत्तर मिळाले. एखाद्याने स्वतःचाच केला तर? तसे पुष्कळदा होते, फोरमन म्हणाला, आणि ते कळतही नाही, हाच त्यातला फायदा. अंगात ताप असून, घरी भांडण झालेले असून, केवळ लाजेखातर माणूस कड्याला जातो. तोंडाने ‘नको’ म्हणणे जड जाते, पेल्याने सोपे जाते. मला ही रीत फार विचारपूर्वक बसवलेली वाटली. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासाठी असे काही करता येईल का, हा विचार मी कित्येक दिवस करीत राहिलो.

मलाही एक पेला दिला होता. दुकानदाराने तो लगेच उपडा करून ठेवला. “गुरुजी, तुमचा निकाल आजच लावला,” तो म्हणाला. “पण पाव्हणे हायेत, चहा पयला तुमाला.”

त्या हसण्यात फोरमन होता, पण त्याची नजर फळीवर होती. मला वाटले, त्या फळीची भीती त्या रात्री एकट्या त्यालाच वाटत असावी.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उजेड आधी येतो आणि ऊन फार उशिरा येते, कारण सूर्याला डोंगर ओलांडून यावे लागते. त्या करड्या उजेडात एकेक जण टाक्यावर जाऊन आला. फोरमन गेला, तेव्हा दुकानदार आत होता. दुकानदार गेला, तेव्हा भाची आत होती. मीही मुद्दाम बाहेर उभा राहिलो. मग चूल पेटली, चहा उकळला, आणि आम्ही चौघेही फळीसमोर आलो.

माझा सोडून सगळे पेले सुलटे होते.

भाचीने चहा ओतला. मामाच्या पेल्याशी तिचा हात किंचित थांबला, मग तोही भरला. फोरमनने चहा दोन्ही हातांत धरून प्यायला. त्याचा चेहरा परीक्षेचा निकाल लागलेल्या मुलासारखा मोकळा झाला होता. तो बोलू लागला, विनोद करू लागला, आणि चहा संपायच्या आधीच दोर उतरवायला उठला. त्या पहाटे दुकानदार एकदाही हसला नाही, हे माझ्या लक्षात आले.

मी पांढऱ्या पट्ट्यापर्यंत त्यांच्या मागे गेलो. तिथून काळा कातळ सरळ वर जात होता. फोरमनने दोराचे टोक कमरेला बांधले, गाठ ओढून पाहिली, मेखा आणि हातोडा लटकवला आणि मागे वळला. त्या काळी दोर धरणारा तो आपल्या कमरेभोवती घेऊन बसत असे. दुकानदाराने दोर कमरेला घेतला नव्हता. तो त्याच्या पायांशी पडला होता.

“घे की रं,” फोरमन म्हणाला.

“आज मी तुजा दोर धरनार नाय.”

फोरमनला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने खोपीच्या दिशेने बोट केले. “पेला सुलटा व्हता माजा. चौघांनी बघितलाय.”

“व्हता. मीच ठेवला सुलटा,” दुकानदार म्हणाला. “उपडा केला असता, तर तू दिसभर या पोरीकडं बघत बसला असतास, हिनं केला का म्हणून. म्हणून तोंडावर सांगतोय. मी नको म्हणतोय.”

भाची मान खाली घालून उभी होती. नंतर तिने मला सांगितले की पेला उपडा करायचे तिच्याही मनात होते. पण दोर धरणारे चाचा ते करतीलच, आपण कशाला, असे तिला वाटले. रीत कितीही चांगली असली तरी तिच्यात ही फट राहते, हे मला तेव्हा उमगले. जे काम कुणीही करू शकतो, ते प्रत्येक जण दुसऱ्यावर सोडतो.

फोरमनने मग विचारू नये ते विचारले. “का?”

“काल वर येताना दर मोठ्या धोंड्याला तू डावा पाय हातानं उचललास. वर त्या जागेला दोनी हात कातळाला लागतात. पाय उचलायला तिसरा कुटनं आणशील?”

मला एकदम ती लकब आठवली. मीही ती पाहिली होती आणि तिचा अर्थ लावण्याच्या भानगडीत पडलो नव्हतो.

फोरमन चिडला. दुकानात बसून बसून तू भित्रा झालास, असे तो म्हणाला. दुकानदाराने ते नाकारले नाही. झालो, म्हणाला, गेल्या वर्षी तुझा दोर हातातून सरकला तेव्हापासून झालो. त्याने तळवे पुढे केले नाहीत, पण शनिवारभर त्याच्या तळहातांवर मी ज्या गुळगुळीत तांबूस पट्ट्या पाहिल्या होत्या, त्या कशाच्या हे मला आता कळले.

फोरमन एका दगडावर बसला. खाली कर्जतच्या बाजूला आगगाडीची शिटी झाली. मग त्याने कमरेची गाठ सोडायला घेतली. ओढून घट्ट केलेली असल्याने ती सुटायला वेळ लागला, आणि कुणी मदतीला पुढे झाले नाही. सुटलेले टोक हातात घेऊन तो भाचीसमोर गेला आणि तिच्या कमरेला ते बांधू लागला.

“मामा, मी?” ती म्हणाली. “पुढं?”

“मग कोन, गुरुजी?”

त्याने गाठ दोनदा ओढून पाहिली, मेखा आणि हातोडा तिच्या खांद्यावर दिला, आणि दुकानदाराकडे न बघता खोपीकडे चालू लागला. भात रांधायचा होता. मीही त्याच्याबरोबर परतलो.

खोपीच्या दारातून पांढरा पट्टा आणि तिथे दोर कमरेला घेऊन बसलेला दुकानदार दिसे, पण कड्याचा वरचा भाग एका कोपऱ्याआड जाई. भाची वर गेली ती आम्हाला दिसेनाशी झाली. राहिला तो फक्त हातोड्याचा आवाज. फोरमन चुलीपुढे तांदूळ निवडत बसला होता. मी माझा तापमापक काढला आणि आधणात धरला. पारा सत्त्याण्णवच्या किंचित वर जाऊन थांबला आणि पाणी खळखळत असूनही हलेना. पुस्तक खरे होते. इतर कुठल्याही दिवशी मी हे मोठ्याने सांगितले असते. त्या दिवशी मी तापमापक पुसून ठेवला, कारण फोरमन कान देऊन ऐकत होता.

मी हळूच विचारले की आवाजावरून त्याला काय कळते. त्याने सांगितले की मेख चांगल्या भेगेत जात असेल तर प्रत्येक घावाला आवाज चढत जातो, गाणाऱ्याने एकेक सूर वर जावे तसा. आवाज तिथल्या तिथे राहिला, बोदा आला, तर आत पोकळी आहे. ती मेख भरवशाची धरू नये. मी लक्ष दिले. खरोखरच प्रत्येक मेखेचा आवाज घावागणिक बारीक आणि उंच होत होता. लोखंडाचा जितका भाग बाहेर मोकळा राहतो, तितकाच थरथरतो. तो आखूड होत गेला की सूर चढतो. तारेच्या प्रयोगात मी हेच शिकवीत असे, पण इतक्या कामाच्या जागी ते ऐकले नव्हते.

“गेल्या वर्षी बोदा आला व्हता,” तो म्हणाला. “मला घाई व्हती.”

पुढची मेख सुरू झाली. पहिला घाव, दुसरा, तिसरा. आवाज चढेना. चौथा घावही तसाच, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. फोरमनचा हात तांदळात थांबला. आवाज बंद झाला. मग आडवे, हलके ठोके ऐकू आले. ती मेख काढीत होती. थोड्या शांततेनंतर दुसरीकडे कुठेतरी ठोकायला सुरुवात झाली, आणि या वेळी सूर चढत गेला, चढत गेला, शेवटी देवळातल्या लहान घंटेसारखा वाजला.

त्याने तांदूळ आधणात सोडले. मग पातेल्यावर झाकण ठेवले.

हातोडा पुन्हा वाजला नाही. बराच वेळ वाजला नाही. तेवढ्यात पट्ट्याकडून दुकानदाराची हाक आली. कड्यापाशी झालेल्या वादानंतर तो फोरमनशी एक शब्द बोलला नव्हता, आणि फोरमनही त्याच्याशी नाही.

“पोर त्या जागेला हाय,” तो ओरडून म्हणाला. “हाताला कायच लागंना म्हनते. इचारते, मामा, पुढं कुठं?”

फोरमन दारात येऊन उभा राहिला. तिथून कडा दिसत नव्हता. त्याने डोळे मिटले. त्याचा उजवा हात उठला, हवेत चाचपडत वर गेला, कानाच्या वर पोचला आणि मग आणखी डावीकडे सरकला, जणू समोर खडकच होता. दुखरा पायही टाचेवरून किंचित उचलला गेला.

“तिला सांग,” तो ओरडला, “डाव्या अंगाला, कानाच्या वर, बोटं आत घालायची. दिसत नाय ती खाच, पन हाय. आन् पाय बदलल्याबिगर हात सोडायचा नाय.”

दुकानदाराने ते शब्दन् शब्द वर पोचवले. मग तो मान वर करून बसला, आणि आम्ही दोघे त्याच्याकडे बघत उभे राहिलो, कारण वर काय चालले आहे ते आम्हाला फक्त त्याच्या हातांवरून कळणार होते. आधी ते स्थिर होते. मग दोर त्यांच्यातून हळूहळू, वीतवीत, वर सरकू लागला.

“सापडली रं,” दुकानदार म्हणाला. “पुढचं सांग.”

फोरमनने पुन्हा डोळे मिटले, आणि पुढचे सांगू लागला.